तांबीचे दहा दिवस

मु. चिंचखेडे, ता. नेवासे
१० जानेवारी १९७४

डॉ. बी. जी. जावळे, पशुवैद्यकीय अधिकारी यांस,

आशीर्वाद आज लिहीत नाही. राग उतरला तर शेवटी लिहीन, नाही उतरला तर राहू दे.

हे पत्र मुद्दाम आपल्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकतो आहे. घरच्या पत्त्यावर दोन वर्षांत सात पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. सरकारी टपालाला निदान आवक नंबर पडतो आणि कारकून ते नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवतो. त्याच खात्यात मी एकतीस वर्षं ड्रेसर म्हणून, जनावरांच्या जखमा धूत-बांधत काढली आहेत, मला पद्धत ठाऊक आहे.

आज सकाळी साडेनवाच्या सुमारास आमच्या पारासमोर जीप थांबली. पुढच्या सीटवर आपण होता, मागे शहरी कपड्यांतले दोघे-तिघे. काळा चष्मा होता. पारापाशी राहीबाईची तांबडी कुत्री उभी होती, तांबी. खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती. गावातल्या दहा-बारा जणांच्या हातात दगड होते. कुत्रीपासून चार हातांवर एक म्हातारा उकिडवा बसून तिच्याकडे बघत होता. सरपंच आप्पासाहेब जीपपाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, आलाच हाय तर हिला बघता का जरा? पिसाळली म्हंत्यात."

आपण मान बाहेर काढली. किती वेळ? मी मोजला नाही, पण तेवढ्यात मला शिंकसुद्धा आली नसती. "पिसाळलीय. मारून टाका. आणि त्या म्हाताऱ्याला बाजूला घ्या." आप्पासाहेबांनी कागद पुढे केला, तो मांडीवर ठेवून आपण लिहिलंत, सही केलीत, आणि जीप घोडेगावच्या बैलांच्या प्रदर्शनाला गेली.

आता हे आपण-बिपण पुरे झालं. बन्सी, तो म्हातारा मी होतो. तू मला ओळखलं नाहीस असं म्हणू नकोस. लग्नात सासरच्या माणसांना "वडील पशुखात्यात असतात" एवढंच सांगितलंस आणि 'ड्रेसर' हा शब्द गिळलास, तेही मी गिळलं. पण आज तू माझ्यासमोर एक जनावर न बघता मारायला सांगितलंस. हे मी गिळणार नाही.

पिसाळून मुकं पडलेलं कुत्रं आणि टाळ्यात हाड अडकलेलं कुत्रं लांबून अगदी सारखी दिसतात. दोघांचा जबडा लोंबतो, दोघांची लाळ गळते, दोघांना गिळता येत नाही. म्हणून तर खाली उतरायचं असतं! तांबी पुढच्या पंजानं गाल ओरबाडत होती. राहीबाईनं हाक मारली की शेपूट हलवत होती. मुक्या पिसाळीत कुत्रं तोंडाला पंजा सहसा लावत नाही, ते कोपऱ्यात अंधारात जाऊन पडतं, त्याची नजर तिरळी होते, मागचे पाय झोकांड्या खातात. हे तुला कॉलेजात शिकवलं असेल. मला शिकवायला कुणी नव्हतं, मी बघून शिकलो.

हाड निघालं. मणक्याचं चकतीसारखं हाड वरच्या दाढांत आडवं बसलं होतं. दुष्काळात मेलेल्या गुरांची हाडं अजून माळावर पडलेली आहेत, ट्रकवाले गोळा करतात त्यातलंच असणार. कसं काढलं ते विचारू नकोस. आणि हाड निघालं म्हणजे कुत्री सुटली असंही मी म्हणत नाही, कारण पिसाळलेलं कुत्रं हाडं, लाकडं, काहीही चावत सुटतं. तेव्हा तू चूक असशील, मीही चूक असेन. ठरवायचा रस्ता एकच. लाळेत रोग उतरलेलं कुत्रं दहा दिवस काढत नाही. दहा दिवस जगलं, खाल्लं-प्यालं, तर आजच्या लाळेत काही नव्हतं.

मी आप्पासाहेबांकडून दहा दिवस मागून घेतले. ते म्हणाले, "तात्या, तुमच्या गोठ्यात बांधा. काय इपरीत दिसलं की मंग मात्र काठी. साहेबाचा कागद हाय माज्याकडं."

साहेबाचा कागद! सगळं गाव त्या कागदाकडे बघतंय, कुत्रीकडे कुणी बघत नाही.

गहिनीनाथ रामजी जावळे
(निवृत्त ड्रेसर)


१२ जानेवारी

बन्सी,

आज तिसरा दिवस. तुझं उत्तर नाही, मी वाटही बघत नव्हतो.

अक्षर वाकडं आलंय ते समजून घे. गोठ्याच्या पत्र्यानं उजवा तळहात कापला, फडकं बांधलंय.

तांबी साखळीला आहे. राहीबाई दिवसातून चार वेळा येते आणि गोठ्याच्या दारात बसून तिच्याशी बोलते. राहीबाई तुला आठवत असेल. मॅट्रिकच्या वर्षी तू तिच्या ओसरीवर अभ्यासाला बसायचास आणि ती तुला शेळीच्या दुधाचा चहा पाजायची. तिला मूल ना बाळ, पाच शेळ्या आणि ही कुत्री. गेल्या वर्षी लांडगा शेळी ओढून नेत होता तेव्हा तांबीनंच त्याला पळवला. "मेली तर मेली, पर येडी म्हनून मरू नये," असं म्हणते बिचारी.

काल सकाळी आप्पासाहेबांचा पुतण्या चार जण घेऊन परीक्षा घ्यायला आला. परीक्षा कसली? बादलीभर पाणी तिच्या अंगावर ओतलं! कुत्री अंग चोरून मागं सरकली. झालं, सगळे ओरडले, "पान्याला भ्याली, पान्याला भ्याली!" अरे गाढवांनो, जानेवारीतलं विहिरीचं पाणी आहे, तुमच्या बापाच्या अंगावर ओतलं तर तोही सरकेल. मी असंच म्हणालो, शब्द एखादा जास्तच. कुत्रं पाण्याला भीत नसतं. पिसाळलेलं कुत्रं पाण्यात तोंड घालतं, त्याला फक्त गिळता येत नाही. पाण्याला भितो तो माणूस, कुत्रं चावलेला. पण ही सगळी माणसं बाकी बाबतीत शहाणी आहेत, बैलाच्या नुसत्या श्वासावरून ताप ओळखतात. कुत्र्या-मांजराला मात्र यांच्या लेखी दुखणं नाहीच. शेपूट हलवतं तोवर चांगलं, नाहीतर पिसाळलेलं, मधलं काही नाही. आणि तू त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलास.

तिचा टाळा सोलून निघालाय. लाल औषधाचं पाणी करून काठीला बोळा बांधून लावतो, जवळ हात नेत नाही. पेज थोडी चाटली. आवाज बदललेला नाही. डोळे सरळ आहेत. मागचे पाय धड आहेत. एका वहीत सगळं लिहून ठेवतो आहे, डॉक्टरसाहेबांना कधी वेळ झाला तर बघता येईल.

तुझी आई माझ्यावर रुसली आहे. कुत्री आल्यापासून तिची मनी मांजर घरात पाऊल टाकत नाही, दिवसभर कुडाच्या भिंतीवर बसून गोठ्याकडे बघते. "मांजराला कळतं ते तुमाला कळना," म्हणते. मांजराला एवढंच कळतं की घरात नवं कुत्रं आलंय. पण हे तिला सांगायला गेलो तर माझं जेवण बंद होईल.

तात्या


१४ जानेवारी, संक्रांत

बन्सी,

आज गोड बोलायचा दिवस, आणि मी तुला हे लिहितो आहे.

सकाळी तुझ्या आईनं गुळपोळ्यांचं सारण केलं, कणीक भिजवली, आणि लाटणं सापडेना. एरवी आमच्यात भाकरी थापायची, लाटणं सणापुरतं. सगळं घर उलथंपालथं केलं. "कुटं गेलं माजं लाटनं? पाय फुटलं का त्याला?" मी म्हणालो, मोडलं असेल. "मोडलं तर तुकडं कुटं हायेत?" शेजारून आणतो म्हणालो तर म्हणाली, सणाच्या दिवशी दुसऱ्याचं लाटणं मागायला मी भिकारीण नाही. शेवटी तीळ लावून बाजरीची भाकरी केली, सारण तसंच डब्यात पडलंय, आणि ती माझ्याशी बोलत नाही.

लाटणं मी बंबात जाळलं. का ते तिला सांगितलं नाही. तुला सांगतो, कारण कुणाला तरी सांगायला हवं, आणि तू तसाही उत्तर देत नाहीस.

दहा तारखेला तुझी जीप गेल्यावर मी घरातून ते लाटणं नेलं, राहीबाईच्या घराआड, कुणी बघत नसताना, तांबीच्या तोंडात आडवं घातलं, राहीबाईनं मागून मानगूट धरली. गाई-म्हशींच्या तोंडात मी एकतीस वर्षं हात घातले, हाताला सवय आहे, डोक्याला विचारत नाही. हाड हलवलं, ते सुटलं, आणि त्याच वेळी लाटणं लाळेनं निसटलं. वरचा सुळा माझ्या तळहातात रुतला. पत्र्या-बित्र्यानं काही कापलं नाही. साबण लावून पाव तास पाण्याखाली धरला, मग कार्बोलिक. राहीबाईला शपथ घातली. तिनं पाळली आहे.

तू आता म्हणशील, तात्या, नियम काय? नियम मला पाठ आहे. कुत्र्यात लक्षणं दिसत असतील तर सुई आधी आणि कुत्र्याची वाट मागून. कितीतरी लोकांना मीच नगरच्या गाडीत बसवून दिलंय, रडत होते तरी. मी स्वतः मात्र गेलेलो नाही. का? मी नगरला सुया घ्यायला गेलो की गाव म्हणणार, ड्रेसरच भ्याला, म्हणजे पिसाळलेलीच आहे. तिला त्याच दुपारी काठ्यांनी मारतील. मग तुझा कागद खरा ठरेल, न बघता लिहिलेला कागद खरा ठरेल. ते मला मरणाहून जड जातं. लिहिताना मलाच हे वेड्यासारखं वाटतंय, पण खोडत नाही.

बरं, उरलेलंही सांगून टाकतो. काल ती जेवली नाही. पेज ठेवली, हुंगली, तोंड फिरवून बसली. टाळ्याची जखम चिघळली असेल. असेलच. तरी गोठ्यात शेणाच्या पाटीवर तासभर तसाच बसून राहिलो. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. रोज उठल्यावर मी आधी तांब्याभर पाणी पितो आणि घसा कसा चालतो ते बघतो. इतक्या लवकर काही होत नसतं हे माहीत असूनही पितो. तुझी आई म्हणते, म्हातारपणी ही कसली तहान.

भीती वाटते, बन्सी. पण तुझा राग जास्त येतो. तू उतरला असतास तर दोघं मिळून केलं असतं. तू धरलं असतंस, मी हाड काढलं असतं, किंवा मी धरलं असतं. लहानपणी घोडेगावच्या बाजारात तू माझ्यासाठी बैलाची वेसण धरायचास, हात कधी हलला नाही तुझा.

हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हातात देतो, उद्या मिळेल.

तात्या


१७ जानेवारी

बन्सी,

हे मी माझ्याच घराच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. दार आतून बंद आहे. आत तुझी आई आणि तांबी.

सकाळी तुझा शिपाई छगन सायकलवरून आला. तुझा नवा कागद सरपंचांना आणि विषाच्या गोळ्यांची पुडी. "सदर कुत्रीने इसमास चावा घेतला असल्याने तात्काळ नष्ट करण्यात यावी. विलंब झाल्यास जबाबदारी ग्रामपंचायतीची राहील." इसमास! आधी म्हातारा, आता इसम. माझ्या पत्राला तू मला उत्तर दिलं नाहीस, सरपंचांना दिलंस.

आज तिचा आठवा दिवस होता. परवापासून ती पेजेत चुरलेली भाकरी खाते आहे. काल राहीबाईच्या शेळीच्या आवाजाला भुंकली, खणखणीत भुंकली. छगननं गोठ्यात पाऊल टाकलं तर शेपूट हलवली त्याच्याकडे बघून. तिला मारायला आलेला माणूस, त्याच्याकडे बघून!

छगन तसा वाईट नाही, रडवेला झाला होता. तुझी आई दारात उभी. तिला वाटलं, तू घरी काही निरोप धाडलास. छगन म्हणाला, "मावशी, म्या काय करू? तात्यांना चावलीय म्हनून सायेब लई घाबरल्यात."

ती माझ्याकडे वळली. "चावलीय?"

मी खाली बघितलं. तिनं माझा हात धरला, फडकं सोडलं आणि सुळ्याच्या भोकावर बोट ठेवलं. "म्हंजी लाटनं ते," एवढंच म्हणाली. मग गोठ्यात गेली, खुंट्याची साखळी सोडली, तांबीच्या गळ्यात हात घालून तिला घरात नेलं आणि कडी लावली. बाहेर तोवर तीसेक माणसं जमली होती, आप्पासाहेबही आले. खिडकीत तोंड आणून ती ओरडली, "छगन, तुज्या सायबाला जाऊन सांग, सायबाची आई आत हाय. काय इख चारायचं ते दोगींना चारा म्हनावं!"

आप्पासाहेब म्हणाले, "लंकावैनी, येडेपना करू नका, ती चावंल."

"चावायची ती चावली. आता धाव्या दिसालाच दार उघडंल."

मग माझी पाळी आली. "आन तुमी? तुमी हितं काय नंदीबैलावानी उभं? नगरला जावा, सुया घ्या. सुई घेतल्याची चिठ्ठी दावल्याबिगर तुमालाबी दार न्हाई."

मी म्हणालो, अगं, मी गेलो तर लोक म्हणतील—

"म्हनूं द्या! सुई तुमच्या पोटात जानार, का कुत्रीच्या? तुमी सुई घेतली म्हनून ती पिसाळती व्हय?"

सगळ्या गावासमोर म्हणाली. मी एकतीस वर्षं खात्यात काढली आणि तेवढी साधी गोष्ट मला आठ दिवस कळली नाही. तुला हरवायच्या नादात मी माझा जीव पणाला लावून बसलो होतो आणि वर स्वतःला शहाणा समजत होतो.

आता तुझं ऐक. तू तिला का मारायला सांगितलंस ते मला समजलं. ती मेली की म्हातारा झक मारत सुया घ्यायला जाईल, हेच ना? तू भ्यालास. माझ्यासाठी भ्यालास. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. अरे, मला नगरला न्यायचं होतं तर स्वतः यायचं, गचांडी धरून गाडीत बसवायचं, मी आलो असतो. खरंच आलो असतो, कुणीतरी येऊन धरावं म्हणूनच तर तुला लिहिलं होतं. तू काय केलंस? पुन्हा एक कागद लिहिलास. आणि ज्या एका जिवाकडे बघून तुझा बाप जगणार की मरणार ते कळणार होतं, त्यालाच मारायला माणूस धाडलास. डॉक्टर ना तू?

छगन पुडी घेऊन परत येतो आहे. त्याला रागावू नकोस.

तात्या


१८ जानेवारी, नगर, एसटी स्टँड

पहिली सुई घेतली. पोटात देतात, बेंबीच्या बाजूला, गाठ येते. सांगितल्या आहेत चौदा, रोज एक. डॉक्टर तुझ्याच वयाचा होता. माझा हात बघितला, उलटा करून बघितला, दिव्याखाली धरून बघितला. मग विचारलं, "बाबा, कुत्रं जिवंत आहे का?"

म्हणालो, आहे.

"मग तर फार चांगलं. त्याला कुणी मारू देऊ नका. दहा दिवस नीट राहिलं तर सुया थांबवू."

ओळखीचा ना पाळखीचा, त्यानं माझा हात हातात धरला. मी स्टँडवर येऊन बाकावर बसलो आणि मला रडू आलं. कशाचं ते सांगत नाही. उसाचा रस घेतला, सरळ घशाखाली गेला.

चिठ्ठी घेऊन गावी जातो आहे. दार उघडतं का बघू.

तात्या


२० जानेवारी, चिंचखेडे

चि. बन्सी यास,

दार परवा उघडलं नाही. तुझ्या आईनं खिडकीतून चिठ्ठी घेतली, वाचता येत नाही तरी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "तुमाला उघडलं की तुमच्या मागनं समदं गाव घुसंल. राहीबाईकडं जेवा." तीन रात्री मी ओट्यावर घोंगडी पांघरून निजलो, या थंडीत, माझ्या स्वतःच्या घरासमोर.

वही माझ्याकडे राहिली, म्हणून तिनं आत भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या. तांबी पाणी प्यायली की एक उभी रेघ. भाकरी खाल्ली की आडवी. झोपेत पाय हलवले, त्याचीसुद्धा एक खूण आहे, "सपनात शेळ्यामागं पळती" म्हणाली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं केलेली ही नोंद तू येऊन बघ. माझ्या हाताखाली असती तर मी तिला पहिल्याच वर्षी बढती दिली असती.

आज सकाळी दहा दिवस भरले. सूर्य वर आल्यावर कडी निघाली. आधी तांबी बाहेर आली. आळस दिला, अंग झटकलं, माझा पाय हुंगला, आणि तीसेक माणसांच्या मधून चालत सरळ राहीबाईच्या शेळ्यांकडे गेली. कुणी दगड उचलला नाही. राहीबाईनं तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला, तिनं चावून खाल्ला, दोन्ही बाजूंनी. मनी मांजर तेवढ्यात भिंतीवरून उतरून घरात गेली. मी तांब्याभर पाणी प्यालो. आज घशाकडे लक्ष दिलं नाही.

दुपारच्या गाडीनं नगरला जाऊन त्या डॉक्टरला सांगणार आहे. दोन सुयांवर भागलं.

हे सगळं चांगलं झालं, तरी मी चिडलेलाच आहे, त्याचं कारण आता सांगतो. काल मी दुसऱ्या सुईला गेलो असताना तू येऊन गेलास. तुझ्या आईनं आज सांगितलं. जीप पाराशी ठेवलीस, चालत आलास, ओट्यावर उभा राहून खिडकीचा गज धरलास. ती म्हणते, पोरगा वाळलाय. ती म्हणते, रडत होता. मला आत घे असं तू तिला म्हणालास, तिनं तुलाही दार उघडलं नाही, आणि मग तू खिशातून कागद काढून लिहिलास आणि गजातून तिच्या हातात दिलास. ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग मी कागद वाचला. "सदर कुत्री तपासली. निरोगी आहे. पाळण्यास हरकत नाही." सही, शिक्का, तारीख एकोणीस.

एकोणीस! अरे, काल दहा दिवस भरले होते का? आणि तपासली म्हणजे काय केलंस? तुझी आई म्हणते, कुत्री जात्यामागं निजली होती, खिडकीतून तिचं शेपूटसुद्धा दिसत नव्हतं. तू सगळा वेळ आईकडे बघत होतास. बघावं, आईकडे बघावं, दोन वर्षांनी आलास. पण मग तसं लिहायचं, की आईला बघितलं, ती निरोगी आहे.

आप्पासाहेब म्हणाले, "झालं की तात्या, सायबानं लिवून दिलं, आता माजं काय म्हननं न्हाई." त्यांना कागद हवा होता, कागद मिळत होता. मी त्यांच्यासमोर तो चुलीत घातला. ते म्हणाले, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

बन्सी, त्या कुत्रीवर तू तीन कागद लिहिलेस. पहिला जीपमधल्या लोकांसाठी लिहिलास, दुसरा माझ्या जिवाच्या भीतीनं, तिसरा आईच्या मायेनं. तिच्यासाठी एकही लिहिला नाहीस, आणि तिन्ही वेळा तिला बघितलं नाहीस. चुकून या वेळी खरं निघालं एवढंच. उद्या दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला, मांजराला, म्हशीला असंच लिहिशील, आणि तिथं माझ्यासारखा हट्टी म्हातारा नसेल, तुझ्या आईसारखी कडी लावणारी नसेल. म्हणून मी जाळला. बापावर राग धरायचा तर धर.

चौथा कागद लिहायला ये. आप्पासाहेबांना मी त्या कागदासाठी आठ दिवस थांबायला सांगितलं आहे. तांबीला पारापाशी आणू. तू जबडा उघड, मी धरतो, माझा हात आता बरा आहे. टाळ्याची जखम बोटानं बघ, दाढा बघ, डोळे बघ, चालवून बघ. गावाला दिसू दे कसं बघतात ते. मग लिही. काय दिसेल ते लिही, मला त्यात ढवळाढवळ करायची नाही. आणि कुणी विचारलं की हा धरणारा कोण, तर सांग, ड्रेसर आहे, माझा बाप आहे. नाही सांगितलंस तरी मी धरीन.

ते हाड कोनाड्यात तपकिरीच्या डबीत ठेवलंय. येशील तेव्हा बघ.

अनेक आशीर्वाद. पहिल्या पत्रापासूनचे राहिले होते, तेही यात धर.

गुळपोळीचं सारण अजून डब्यात आहे, तुझी आई कुणाला हात लावू देत नाही. पोरगा आल्यावर करीन म्हणते. तेव्हा येताना एक लाटणं घेऊन ये.

तात्या